तिचं बोलणं मला कळायचं

मी भावाचं घर सोडलं तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते आणि मला न्यायला तीन माणसं आली होती. एक शाळेतल्या बाई. त्यांचा डावा हात लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात कोपरापासून गेलेला. एक खाटा-बाजा विणणारे काका. त्यांना जन्मापासून दिसत नाही. आणि एक टेलर, ज्यांना ऐकूही येत नाही आणि बोलताही येत नाही. तिघांत मिळून पाच हात आणि चार डोळे. भाऊ दुकानाच्या ओट्यावरून म्हणाला, "ह्येंच्या भरवशावर चाललीस व्हय आक्का? ह्येंनाच कुणीतरी धरून न्यायला पायजे." दुकानातली गिऱ्हाइकं हसली. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

माझे दोन्ही पाय तिसऱ्या वर्षी पोलिओत गेले. मी हातांवर सरकते. परळीत देवळाच्या वाटेवर आमचं बेल, विभूती आणि रुद्राक्षाच्या माळांचं दुकान आहे. वडील असेपर्यंत मी आत बसून माळा ओवायचे. ते गेल्यावर भावानं मला बाहेर आणून ओट्यावर बसवलं. पाय दिसतील असं बसवायचा. साडी खाली ओढली की भावजय येऊन वर सरकवायची. देवाला आलेली माणसं बघायची, "अरेरे" म्हणून थांबायची, आणि थांबली की बेल घ्यायची. "आक्कामुळं गिऱ्हाईक थांबतंय," भाऊ लोकांना कौतुकानं सांगायचा.

अपंगत्वाच्या दाखल्याच्या शिबिरात रांगेत या बाई माझ्या पुढे होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुमाला एकटीला ऱ्हायचं असंल तर कुठं ऱ्हाताल?" असा प्रश्न मला कुणी केलाच नव्हता. घरी आल्यावर चार दिवसांनी मी भावाला म्हटलं, "मला वेगळं राहायचंय."

तो आधी हसला. मग त्यानं मला काखेत धरून उचललं, रस्त्याच्या मधोमध नेऊन ठेवलं आणि परत येऊन गल्ल्यावर बसला. "ऱ्हा येगळं," म्हणाला. भर दुपार होती. रिक्षा मला वळसा घालून जात होत्या. एका मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला, मग माझे पाय बघून मान खाली घातली. ओळखीची माणसं होती, समोरचे पेढेवाले, शेजारचे फुलवाले. कुणी उठलं नाही, कारण भाऊ गल्ल्यावरून बघत होता आणि घरगुती मामला होता. डांबर तापलेलं, तळहात टेकवत नव्हते, म्हणून सरकताही येईना. शेवटी भावजयीनं येऊन मला ओढत आत नेलं, आणि तेही एवढ्यासाठी की बाहेरगावची एक बस येऊन थांबली होती आणि त्या लोकांसमोर बरं दिसत नव्हतं.

त्या आठवड्यात मी बाईंना फोन केला.

स्टेशनच्या पलीकडे एका चाळीत त्यांनी मला खोली बघून दिली. घरमालकानं आधी विचारलं, "आत मेली तर आमाला कळंल कसं?" बाई म्हणाल्या, "वास येईल की." त्या अशाच बोलायच्या. शेगडी जमिनीवर आली, कडी खाली बसवली, टेलरनी दाराशी सिमेंटचा उतार घातला. शेजाऱ्यांनी तो दोनदा फोडला, कारण त्यांच्या गाड्या लावायला अडचण व्हायची. टेलरनी तो तिसऱ्यांदा घातला आणि वाळेपर्यंत तिथंच स्टूल टाकून बसले. मी साड्यांना फॉल लावायला लागले. या भागात वीज केंद्राच्या राखेची बारीक धूळ सगळीकडे बसते, म्हणून हलक्या रंगाच्या साड्या मी धोतराच्या फडक्याखाली झाकून शिवायचे.

आम्ही दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात जमायचो. दहाबारा जण असायचो. फलक नाही, पावती पुस्तक नाही. बाईंचे दोनच नियम होते. मागितल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही. आणि कुणी काही मागितलं तर कावून, म्हणजे का, असं विचारायचं नाही. "आपल्याला आयुष्यभर सगळे कावून इचारत आले," बाई म्हणायच्या. "कावून जायचं, कावून पायजे, कावून शिकायचं. हितं तरी नगं."

त्या नियमावर मी तीन वर्षं सुखात राहिले.

मग बाईंनी ती पोर आणली. बाईंचं माहेर उमापूर, तिकडचीच. मेंढरं राखणारं घर. बावीस-तेवीस वर्षांची असेल. जन्मताना ती बराच वेळ रडली नव्हती, तेव्हापासून हात आखडलेले, मान हलती, आणि जीभ तोंडात नीट वळत नाही. डोकं मात्र लख्ख. आई होती तोवर आईनं सांभाळलं. आई गेल्यावर भाऊ आणि भावजय मेंढरं घेऊन महिनोन् महिने गोदावरीच्या अंगाला जायची, आणि ती सरपटत विहिरीकडे जाऊ नये म्हणून तिचा पाय खुंट्याला बांधून जायची. शेजारची म्हातारी दिवसातून एकदा भाकर टाकायची. बाईंनी तिला विचारलं, "येतीस का?" ती हो म्हणाली. भाऊ बाईंना म्हणाला, "न्या. पर मेली तर परत आणू नगा, तिकडंच काय ते करा."

"सहा महिने तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," बाई मला म्हणाल्या. "तू जशी शिकलीस तशी तिला शिकव." मी कावून म्हणाले नाही.

पहिले दोन महिने चांगले गेले. ती हसरी होती. कोपरानं मोबाइल चालवायला शिकली, आखडलेल्या मुठीनं कणीक दाबायला शिकली. सांजच्याला आम्ही दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवायचो, आणि ती माझ्यापेक्षा फार तिखट बोलायची. तिचं बोलणं लोकांना नुसतं ओरडल्यासारखं वाटायचं, कारण तिला ओठांची, जिभेची, टाळूची कुठलीच अक्षरं येत नव्हती. नुसते स्वर निघायचे. भाकर म्हणजे 'आ-अ'. बाहेर म्हणजे 'आ-ए'. पाणी म्हणजे 'आ-ई'. शेजारच्या बायका म्हणायच्या, "बघा, तुमालाच आई म्हणती." मी त्यांना तसं समजू दिलं. महिनाभरात मला तिचं सगळं कळायला लागलं, आणि माझ्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं. रविवारी ती बोलायची आणि मी तिच्या शेजारी बसून लोकांना सांगायचे. लोक माझ्याकडे बघायचे, तिच्याकडे नाही. मला ते आवडायचं.

अडचण संडासाची होती. तो चाळीच्या टोकाला, चार बिऱ्हाडांत मिळून एक, दार अरुंद. मी सरकत जाते. तिला न्यायचं तर कुणीतरी उचलावं लागे. मेसमध्ये पोळ्या लाटणारी एक शेजारीण सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर तिला उचलून न्यायची. मधल्या वेळेत कुणी नाही. दुपारी तिला लागली की मी तिला गोधडीवर घालून ओढत न्यायचे, स्वतः सरकत. उंबऱ्यापाशी दोघींचेही कोपर सोलायचे. बऱ्याचदा वाटेतच व्हायचं. मग चाळीतल्या बायका नाकाला पदर लावून उभ्या राहायच्या, आणि मी फरशी पुसायचे. एकदा तिच्यामुळं एका गिऱ्हाइकाच्या नव्या साडीला ओल लागली. ती साडी मी तीनदा धुतली आणि तरी त्या बाईनं परत माझ्याकडे काम दिलं नाही.

उन्हाळा लागला आणि मी तिचं पाणी बंद केलं.

सकाळी शेजारीण यायच्या आधी एक पेला, संध्याकाळी तिनं नेऊन आणायच्या आधी एक पेला. मध्ये नाही. पत्र्याची खोली, वर पंखा नुसती गरम हवा खाली ढकलायचा. ती म्हणायची, "आ-ई." मी म्हणायचे, "संध्याकाळी." ती परत म्हणायची. मी सुई खाली न ठेवता म्हणायचे, "ऐकू आलं मला." तिचे ओठ फुटले. मी त्यांना तूप लावायचे. मी पाण्याचा माठ तिला दिसणार नाही असा पडद्यामागे सरकवला, आणि मला प्यायचं असलं की पडद्यामागे जाऊन प्यायचे. तिला आवाज यायचा. तिला आवाज येतो हे मला माहीत होतं.

आपण वाईट वागतोय असं मला वाटलं नाही. मला वाटायचं, मीही अशीच दिवस दिवस कोरडी बसले होते भावाच्या ओट्यावर, मला काय झालं? हिला कशाला लाड पाहिजेत? आणि दुसरंही होतं, ते सांगितलंच पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा खालचं कुणीतरी माझ्या हातात आलं होतं. ती नाही म्हणू शकत नव्हती, आणि म्हणाली तरी ते फक्त मला कळणार होतं.

एका रविवारी नेहमीसारखं बाईंनी विचारलं, "कुणाला काय लागतंय का?" ती एकदम ओरडली. "आ-ई आ-ई!" म्हणजे पाणी नाही. मान गरागरा हलत होती, हात शाळेतल्या खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. मग लांबलचक बोलली. मला अक्षर न् अक्षर कळलं. पाणी देत नाही. स्वतः लपून पिती. मला दुसरीकडं ठेवा.

एकीनं डोळे पुसले. "आई आई म्हणती बघा," ती म्हणाली. "कसं आठवत आसंल लेकराला."

बाई माझ्याकडे वळल्या. "नीट सांग. काय म्हणती?"

मी फार विचार केला नाही. विचार करायला वेळ मिळाला असता तर कदाचित दुसरं काही म्हणाले असते. मी म्हटलं, "आईची आठवण येती म्हणती. घरी जायचं म्हणती. गावाकडं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं असा काही आवाज काढला की शाळेच्या छपरावरची कबुतरं उडाली. लोकांना वाटलं, आईसाठी रडते आहे. फक्त बाजवाले काका मान वर करून म्हणाले, "ह्यो आवाज रडल्याचा न्हाई. रागाचा हाय."

"राग येणारच की," मी म्हटलं. "आपण तिला घरापासून तोडलंय."

काका म्हणाले, "तिला परत एकदा इचारा. खुंट्याला कावून जाईल कुणी?"

बाईंचं तोंड उतरलं होतं. त्यांनी तिला स्वतः जाऊन आणलं होतं. थोडा वेळ त्या एका हातानं पदर चाळवत बसल्या. मग म्हणाल्या, "काका, कावून इचारायचं न्हाई, असं आपणच ठरवलंय. तिला जायचंय तर जाऊ द्या."

आमच्यात तो एकच नियम चांगला होता, आणि मी त्याच नियमानं तिला बांधून परत पाठवली.

तिचा भाऊ पिकअप घेऊन आला. मागे दोन मेंढ्या होत्या. तिला त्यांच्याशेजारी पोत्यावर टाकलं. मी तिचे कपडे बांधून दिले, आणि वाटेत लागेल म्हणून पाण्याची बाटली काठोकाठ भरून तिच्या तोंडाला लावली. ती घटाघट प्यायली. शेवटचा घोट तिनं तोंडात धरून ठेवला आणि माझ्या तोंडावर थुंकली. भाऊ म्हणाला, "आगं ए!" आणि तिच्या डोक्यात टप्पल मारली. मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "राहू द्या, तिला कळत नाही."

नंतरचे चार महिने मला चांगले गेले. झोप लागायची. गोधडीला वास नव्हता. मला वाईट वाटत होतं असं मी आज लिहिलं तर ते खोटं होईल.

ते चार महिने काका मात्र त्या आवाजाचाच विचार करत होते. एका रविवारी चहा झाला, कुणीतरी म्हणालं, "पाणी द्या की जरा," आणि काका हातातला कप खाली ठेवून एकदम बोलले. "ती दर रविवारी चहा झाला की म्हणायची. आ-ई. चहा झाला की. आधी न्हाई." मग त्यांनी माझा आवाज जिथून येतो तिकडे तोंड केलं. "आक्का, ती आई न्हवती म्हणत. काय म्हणत हुती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांना मी आणखी काहीतरी सांगू शकले असते. पण काकांनी मला पकडलंय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"पाणी," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. माठ, पडदा, दोन पेले. कुणी ओरडलं नाही. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या जायचं." मी म्हटलं, "मीही येते." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू कावून?" त्या म्हणाल्या. आमच्या व्हरांड्यात मला कुणी कावून विचारायची ती पहिलीच वेळ होती.

मला नेलं नाही. बाई आणि टेलर गेले. तिकडं काय दिसलं ते बाईंनी मला सांगितलं नाही. टेलरनी सांगितलं. परत आल्यावर ते माझ्या खोलीत आले, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि हातांनी सांगायला लागले. आधी दोर, पायाला कुठं बांधला होता ते. मग घोट्याची जखम, किती रुंद, बोटांनी मापून. मग मेंढरं कोंडायचा वाडा, त्यात ती कशी पडली होती. मग पाठीवर, मग कमरेवर, बोटानं एक एक जागा. माश्या. मी म्हणत होते, "पुरे, पुरे." त्यांना ऐकू येत नव्हतं. मी डोळे मिटले तर त्यांनी माझं मनगट धरून हलवलं आणि डोळे उघडेपर्यंत थांबले. मग परत पहिल्यापासून सांगितलं.

ती दोन महिने दवाखान्यात होती. जखमा भरल्या, एका पायाचा घोटा तसाच वाकडा राहिला. तिथून बाईंनी तिला स्वतःच्या घरी नेलं. तिच्यासाठी चाकाची खुर्ची आत जाईल असा संडास बांधून घेतला, आणि आमच्यातल्या प्रत्येकानं वार वाटून घेतला. मला वार दिला नाही.

ती पहिल्यांदा परत व्हरांड्यात आली त्या दिवशी माझं काय करायचं ते ठरवायचं होतं. एक जण म्हणाला, हिला येऊ देऊ नका. काका म्हणाले, "हिला तोडलं तर ही परत भावाच्या ओट्यावर जाऊन बसंल." काकांनी तोवर तिचं बोलणं कानानं ऐकून ऐकून थोडंफार शिकून घेतलं होतं. बाईंनी तिला विचारलं, "हिनं यावं का न यावं? तू सांग."

ती बोलली. मला लगेच कळलं, पण मी गप्प बसले. काकांनी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, मग मोठ्यानं सांगितलं, "येऊ द्या म्हणती. हिच्या घरचा उतार कुणी फोडला तर परत घालून द्या म्हणती." आणि जरा थांबून, "पर माझ्याशी बोलायचं न्हाई म्हणती."

माझं कुणी काही तोडलं नाही. मी आजारी पडले तर डबा येतो. गॅसची टाकी संपली तर कुणीतरी आणून देतं. मी मागते ते मिळतं, आणि कुणी कावून विचारत नाही. डबा दारात ठेवतात, बसत नाहीत. भावाचा मार खाल्लेला आहे मी, रस्त्यावर बसलेय, पण त्या डब्यासारखं मला काही लागलं नाही.

ती आता बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या खोलीत राहते. दहावीचं बाहेरून करते आहे. कचेऱ्यांत जाते, आमच्या सगळ्यांची कामं घेऊन जाते, साहेबांशी भांडते. तिचं बोलणं समोरच्याला सांगायला तिनं शेजारची एक तरुण बाई धरली आहे. ती बाई मनानं चांगली आहे, पण तिला पटकन कळत नाही. रविवारी ती पोर बोलते, आणि त्या बाईचं चुकतं. भाकरीला बाहेर म्हणते, उद्याला दुसरंच काही म्हणते. मी चार माणसं सोडून बसलेली असते आणि मला पहिल्या वेळेलाच सगळं कळतं.

मागच्या महिन्यात त्या बाईचं असंच चुकलं. चुकीचा अर्थ अर्जाच्या कागदावर उतरायला लागला आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तसं नाही, ती म्हणती..."

तिनं माझ्याकडे मान वळवली. तिची मान वळायला वेळ लागतो, सगळे थांबले होते. तिनं एकच शब्द म्हटला. 'अ'. म्हणजे गप. त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही.

मग ती त्या बाईकडे वळली आणि आपलं वाक्य पहिल्यापासून म्हणायला लागली. चौथ्या वेळी बाईला कळलं.